बाळाचे पाय पाळण्यात दिसतात का? स्वभाव, घर आणि गुन्हा

वागळे_सर्कल (धागाकर्ता)
लोकमान्य नगरच्या अभ्यासिकेत पुढच्या महिन्यात पालकसभा आहे. विषय पालकांनीच सुचवला: पोरगं वाईट वळणाला लागू नये म्हणून घरी काय करायचं? मुलं सहावी ते नववीची. बहुतेक घरांत आई घरकामाला किंवा पॅकिंगला, वडील रिक्षावर नाहीतर कंपनीत शिफ्टला. तीस-पस्तीस जणी येतील, वडील चार-पाच आले तरी खूप.

वाचायला बसलं की एकेकाचं एकेक मत. आपल्या म्हणींतही तोच घोळ. 'खाण तशी माती' म्हटलं की दोष रक्ताचा. 'ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या' म्हटलं की संगतीचा. आणि फाशीच्या आधी आईचा कान चावणाऱ्या चोराची गोष्ट काढली की सगळं खापर आईवर. समोर बसणाऱ्या बायकांनी ती गोष्ट शंभरदा ऐकलेली असते, ती पुन्हा ऐकवायची नाही.

मग खरं काय धरायचं? उपजत स्वभावाचा वाटा किती, घराचा किती? आणि त्यातलं आईबापांच्या हातात नेमकं काय आहे? सभेला चाळीस मिनिटं आहेत. जाणकारांनी लिहावं.

जुना_ठाणेकर
सरळ आहे. धाक राहिला नाही. शाळेत मुलाला हात लावायचा नाही, घरी आईबापांना वेळ नाही. पूर्वी आळीतला कुणीही कान पिळायचा. लाड बंद, शिस्त चालू, एवढं सांगा. चाळीस मिनिटंसुद्धा लागणार नाहीत.

मधुमालती
धागा महत्त्वाचा आहे. वाचनखूण साठवली.

समुपदेशिका
@जुना_ठाणेकर, तुमच्या वाक्यातला 'कुणीही' हा शब्द फार कामाचा आहे. मुलावर दहा घरांची नजर असायची. पण आधी स्वभाव.

सगळी मुलं सारख्या मातीची नसतात, हे दोन-तीन वर्षांच्या वयातच दिसतं. पुढे गुन्ह्याशी ज्यांचा संबंध वारंवार सापडला आहे असे स्वभावाचे धागे मुख्यतः तीन. पहिला उतावीळपणा: मनात आलं की हात पुढे, वाट बघवत नाही. दुसरा बेडरपणा: पडण्याची, ओरडा खाण्याची भीतीच वाटत नाही. तिसरा, दुसऱ्याला लागलं तरी आतून काही न हलणं. तिन्ही वेगळे आहेत आणि तिघांवरचे उपायही वेगळे. घोळ होतो तो इथेच. तिन्ही मुलांना आपण एकच शब्द वापरतो, 'वांड'.

न्यूझीलंडच्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा पाठपुरावा आजही चालू आहे. तीन ते अकरा या वयात त्यांचा आत्मसंयम मोजला. बत्तिसाव्या वर्षापर्यंत कोणाला शिक्षा झाली ते पाहिलं, तर संयम सर्वांत कमी असलेल्या पाचव्या हिश्श्यात ४३ टक्के, सर्वांत जास्त असलेल्या पाचव्या हिश्श्यात १३ टक्के. फरक मोठा आहे. पण त्याच आकड्यात हेही आहे की सर्वांत उतावीळ मुलांपैकी निम्म्याहून अधिक जणांना तोवर कधी शिक्षा झालीच नाही. सभेत हे दुसरं वाक्य पहिल्याइतक्याच ठामपणे सांगा.

पहिल्या दोघांपुरता उपायांतला फरक असा. उतावीळ मुलाला लांबलचक सूचना पोचतच नाही. 'दप्तर जागेवर ठेव, हातपाय धू, मग डबा काढ' यातलं त्याला पहिलं किंवा शेवटचंच ऐकू येतं. एका वेळी एक सूचना, जवळ जाऊन, डोळ्यांत बघून. अशा मुलाची लक्ष टिकण्याची आणि वाचनाची तपासणी करून घ्या. सातवीतल्या मुलाला ओळ वाचता येत नसेल तर वर्गात 'ढ' ठरण्यापेक्षा 'डॉन' ठरणं त्याला परवडतं. वाचनाची अडचण सापडली तर शाळेत सवलती मिळतात. अध्ययन अक्षमतेची तपासणी शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात होते.

बेडर मुलाचं गणित उलटं. भित्र्या मुलाला हळू आवाजात समजावलं तरी लागतं, कारण त्याच्या आत आधीच धडधड असते. बेडर मुलाला ती धडधडच होत नाही, म्हणून शिक्षा वाढवत नेली तरी उपयोग शून्य. लहान मुलांवरच्या अभ्यासांत असं दिसलं की अशा मुलात सदसद्विवेक रुजतो तो आईबापांशी असलेल्या ओढीतून. ज्याला भीती धरून ठेवत नाही त्याला माया धरून ठेवते.

जुना_ठाणेकर
म्हणजे वांड पोराला आणखी माया करायची? पटायला जड आहे. पण आकडे विचार करायला लावणारे आहेत.

पामबीच
@वागळे_सर्कल, रक्ताचा वाटा विचारलात म्हणून. जुळ्यांवरचे आणि दत्तक मुलांवरचे अभ्यास एकत्र केले तर समाजविघातक वर्तनात माणसामाणसांत जो फरक दिसतो त्याचा साधारण निम्मा भाग अनुवंशाशी जोडता येतो. या 'निम्मा'चा अर्थ नीट घ्यावा लागतो. एखाद्या मुलाचा गुन्हा निम्मा वडिलांकडून आला, असा तो अर्थ नाही. मोठ्या समूहातल्या फरकाबद्दलचं ते विधान आहे. उसाची उंची बियाण्यावर अवलंबून असते, पण सगळ्या शेताला पाणीच मिळालं नाही तर उत्तम बियाणंही खुरटतं.

डेन्मार्कमधला दत्तक मुलांचा अभ्यास (१९८४) सभेत सांगण्यासारखा आहे. चौदा हजारांवर दत्तक व्यक्तींच्या नोंदी त्यात होत्या. मुलग्यांपैकी ज्यांचे जन्मदाते आणि दत्तक घेणारे पालक दोन्ही निष्कलंक, त्यांच्यात शिक्षा झालेले १३.५ टक्के. फक्त पालकांना शिक्षा झालेली असेल तर १४.७. फक्त जन्मदात्यांना, तर २०. दोन्हीकडे, तर २४.५. म्हणजे रक्ताचा परिणाम आहे. पण जन्मदाता गुन्हेगार असूनही दर शंभरातल्या ऐंशींना शिक्षा झाली नाही. आणि हा संबंध चोरीसारख्या मालमत्तेच्या गुन्ह्यांत दिसला, हिंसक गुन्ह्यांत दिसला नाही. खून करणाऱ्याचं पोर खुनीच निघणार, असं म्हणणाऱ्याला हे वाक्य ऐकवा.

कृपया आणखी एक. मोबाईलवर फिरणाऱ्या याद्या बघून कोणत्याही मुलाला 'सायकोपाथ' म्हणू नका. मोठ्या माणसांसाठी रॉबर्ट हेअर यांची जी मोजपट्टी वापरतात तिच्यात २० मुद्दे असतात, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण ४०, आणि साधारण ३० किंवा त्याहून जास्त आले तरच तो शब्द निघतो. तेही प्रशिक्षित माणसाने मुलाखत आणि जुनी कागदपत्रं दोन्ही तपासून. मुलांच्या बाबतीत 'वर्तन विकार' असं निदान होतं. त्याच्या १५ लक्षणांपैकी किमान ३ गेल्या बारा महिन्यांत दिसावी लागतात: मारामारी, प्राण्यांना इजा, आग लावणं, घरातून पळणं, वारंवार शाळा बुडवणं वगैरे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व हे निदान तर अठराच्या आत करताच येत नाही.

खाडीपूल
'रक्तातच आहे' हा शब्दप्रयोग महाराष्ट्रात तरी फार जपून वापरायला हवा. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे तो मुंबई इलाख्यातही आला. पारधी, कैकाडी, भामटे अशा कितीतरी समाजांत जन्मलेलं मूल जन्मतःच संशयित. हजेरी लावायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर काटेरी तारांच्या आत वसाहत होती. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर हा कायदा गेला, म्हणून तो दिवस विमुक्त दिन. कायदा गेला तरी वस्तीतल्या पोराकडे बघायची नजर गेली नाही. ज्या मुलाला दहा वर्षं चोर म्हणून वागवलं, त्याला कामावर कोण ठेवणार? पुढे तो पकडला गेला की लोक म्हणतात, बघा, रक्त बोललं.

याच काळात युरोपात १८७६ साली लोम्ब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर कवटीच्या आणि जबड्याच्या मापांवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो म्हणत होता. ते मोजमाप तपासणीत टिकलं नाही.

उलट बाजूने, गुन्हा केलेली मुलं अनाथ, बेघरच असतात हाही समज चुकीचा. एनसीआरबीच्या (देशातल्या गुन्ह्यांची आकडेवारी ठेवणारी केंद्र सरकारची संस्था) अहवालांत वर्षानुवर्षं हेच दिसतं की ताब्यात घेतलेली बहुसंख्य मुलं आईवडिलांसोबत राहणारी असतात. घर असतं. त्या घरात दुपारी कोण असतं हा खरा प्रश्न.

परिविक्षा
@खाडीपूल, दुपारचा मुद्दा अगदी नेमका.

बाल न्याय मंडळापुढे (मुलांवरच्या गुन्ह्यांची प्रकरणं इथे चालतात) मूल पहिल्यांदा हजर झालं की परिविक्षा अधिकाऱ्याने, म्हणजे मुलाच्या घरची चौकशी करून मंडळाला कळवणाऱ्या अधिकाऱ्याने, पंधरा दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल द्यायचा असतो. केंद्राच्या आदर्श नियमांत तो नमुना ६. त्यातले रकाने बघितले तरी या धाग्यातल्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. घरात कोण कोण, मुलाचं कोणाशी कसं जमतं. घरात आणखी कोणावर गुन्हा आहे का. शाळा कोणत्या इयत्तेत आणि का सुटली. मित्र वयाने बरोबरीचे की मोठे. व्यसन. काम करत असेल तर पगाराचं काय करतो, घरी देतो की स्वतःवर उडवतो. मुलावर घरी किंवा कामावर मारहाण, अत्याचार झाला आहे का.

गृहभेट चांगली झाली तर अहवालाला वजन येतं, नाहीतर तो नुसता फॉर्म राहतो. चांगली म्हणजे एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर. दिवसा आई एकटी भेटते आणि वडिलांच्या दारूबद्दल बोलते. रात्री सगळं कुटुंब भेटतं आणि कोण कोणाकडे बघून उत्तर देतं ते कळतं. मुलगा झोपतो कुठे, त्याचं दप्तर कुठे असतं, हे बघायचं. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं असतील तर मुलगा रात्री अकरापर्यंत नाक्यावर असणारच, त्यात संस्कारांचा काही संबंध नाही. शाळेत जाऊन हजेरीपट बघायचा. गुन्ह्याच्या तारखेच्या सहा-आठ महिने आधीपासून गैरहजेरी वाढत गेलेली असते. आधी सोमवार, मग आठवड्याचे दोन दिवस, मग परीक्षा. हा पट आईबापांनी वेळीच बघितला तर पोलिसांना बघावा लागत नाही.

आणि वेळापत्रक. सकाळच्या सत्राची शाळा साडेबारा-एकला सुटते, आई रात्री आठला घरी. मधले सात तास मुलगा कुठे होता याचं उत्तर घरात कोणालाही देता येत नाही. नशेसाठी हुंगायचं व्हाइटनर, पंक्चरचं सोल्युशन, 'बटण' (झोपेच्या गोळ्या) या गोष्टी याच सात तासांत हाती येतात. देणारा बहुतेक वेळा वयाने मोठा असतो.

सातवी_ब
व्हाइटनरची लक्षणं कोणी लिहील का? शिक्षकांनाही कळत नाहीत.

समुपदेशिका
@सातवी_ब, बाहीला किंवा रुमालाला रसायनाचा वास, तोंडाभोवती आणि नाकाखाली पुरळ, डोळे लाल, चालताना तोल जाणं, जेवणावरची वासना उडणं. दप्तरात रुमाल नाहीतर बोळा सापडतो. गुंगीत असलेल्या मुलाला पळवू नका, मारू नका, घाबरवू नका. हृदयाची लय बिघडून मूल जागच्या जागी दगावू शकतं. मोकळ्या हवेत न्या, बेशुद्ध असेल तर कुशीवर झोपवा, आणि लगेच दवाखान्यात न्या. मुलांसाठीची मदतवाहिनी, चाइल्डलाइन १०९८.

वकील_कोपरी
परिविक्षा यांच्या शेवटच्या वाक्याला जोडून. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मुलाला बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला कलम ८३(२) खाली सात वर्षांपर्यंत आणि पाच लाख दंड. पालक तक्रार करायला घाबरतात, कारण त्यांना वाटतं आपलाच मुलगा अडकेल. ही दोन कलमं त्यांच्या बाजूची आहेत. सभेत जरूर सांगा.

जुना_ठाणेकर
वकीलसाहेब, एक विचारतो. मुलाने पहिली चोरी केली की बापाने त्याला ओळखीच्या हवालदाराकडे नेऊन दोन फटके आणि तासभर लॉकअप दाखवावं, असं पुष्कळ जण करतात. माझ्या मते हे योग्य आहे. पहिल्याच पायरीला घाबरलं की पुढे जात नाही.

वकील_कोपरी
कायद्याने ते चालत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही, तासभरसुद्धा नाही. बेडी घालता येत नाही. ताब्यात घेतलं तर बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याकडे द्यायचं आणि २४ तासांत मंडळापुढे न्यायचं. गुन्हा अघोर (किमान सात वर्षं शिक्षेचा) नसेल आणि मोठ्या माणसांबरोबर केलेला नसेल तर नियमांप्रमाणे एफआयआरही होत नाही. स्टेशन डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे जातो. सात वर्षांखालच्या मुलाचं कृत्य तर गुन्हाच ठरत नाही (भारतीय न्याय संहिता, कलम २०).

पामबीच
आणि परिणामाच्या बाजूनेही ते चालत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात न्यू जर्सीच्या राहवे तुरुंगात मुलांना नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवून सोडायचा कार्यक्रम सुरू झाला. तो फार गाजला, ठिकठिकाणी तसे कार्यक्रम निघाले. नंतर चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेल्या चाचण्या एकत्र तपासल्या. तुरुंग बघून आलेली मुलं न गेलेल्या मुलांपेक्षा जास्त गुन्हे करत होती. कारण वर समुपदेशिका यांनी लिहिलंच आहे. बेडर मुलाला तिथे भीती वाटत नाही, भाव वाटतो. मित्रांत येऊन तो सांगतो, 'मी आत जाऊन आलोय.'

गटात बसवून सुधारण्याचंही तसंच. थॉमस डिशन आणि सहकाऱ्यांना १९९९ साली दिसलं की अडचणीतल्या किशोरांनाच एकत्र बसवलं तर ती एकमेकांच्या खोड्यांना हसून दाद देतात आणि वागणं बिघडतं. @वागळे_सर्कल, अभ्यासिकेत 'बिघडलेल्यां'ची वेगळी बॅच कधीही करू नका. एका टेबलावर असा एकच मुलगा, बाकीचे तीन-चार सरळ वळणाचे.

जुना_ठाणेकर
राहवेचं माहीत नव्हतं. माझं आधीचं म्हणणं मागे घेतो. पण मग आईबापांनी करायचं काय? नुसतं 'मारू नका' सांगून सभा संपवू नका, त्या बायका हात हलवत घरी जातील.

समुपदेशिका
रास्त प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते. माझ्या मते सभेची निम्मी वेळ यालाच द्यावी.

संध्याकाळचे साडेसात. आई कुकर लावतेय, मुलाच्या हातात मोबाईल. 'ठेव तो, अभ्यासाला बस.' उत्तर नाही. दुसऱ्यांदा आवाज चढतो. 'थांब ना गं.' तिसऱ्यांदा आई मोबाईल ओढते. मुलगा किंचाळतो, ताट सरकवतो, शेजारचं दार उघडतं. आई दिवसभराची दमलेली, त्यात चारचौघांत शोभा. 'घे बाबा, मर त्या मोबाईलमध्ये.' क्षणात शांतता. आता बघा, इथे दोघांनाही बक्षीस मिळालं. मुलाला मोबाईल आणि आईला शांतता. म्हणून उद्या मुलगा थेट किंचाळण्यापासून सुरुवात करतो आणि आई आणखी लवकर सोडून देते. कधी वडील घरी असतात, ते एक ठेवून देतात, ओरडा थांबतो. तेही बक्षीसच, वडिलांच्या हाताला मिळालेलं. ओरेगॉनमध्ये जेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत बसून अशी शेकडो भांडणं सेकंदासेकंदाने नोंदवली आणि १९८२ साली हे चक्र मांडलं. घरात मूल एकच धडा शिकतं: जो जास्त चढेल तो जिंकेल. तो धडा घेऊन ते शाळेत जातं. तिथे सरळ मुलं त्याला खेळायला घेत नाहीत. उरतात ती तसलीच. म्हणजे पवळ्या ढवळ्याशेजारी बांधला गेला तो नंतर, गुण आधीच लागलेला होता.

यात आईची चूक शोधू नका. सोपं मूल असतं तर हीच आई उत्तम निभावते. अवघड स्वभावाचं मूल आणि दमलेला माणूस एकत्र आले की हे चक्र आपोआप फिरायला लागतं.

तोडायचं असं. घराने एकच नियम निवडायचा, पाच नाही. मोबाईलचाच घेतला तर सूचना प्रश्नाच्या रूपात द्यायची नाही ('अभ्यासाला बसतोस का?' याला 'नाही' हे उत्तर असतंच). 'मोबाईल कपाटावर ठेव', मग मनात पाच आकडे मोजायचे, गप्प. ठेवला तर लगेच, त्याच मिनिटाला, 'पहिल्या सांगण्याला ठेवलास, छान.' नाही ठेवला तर एकदाच इशारा आणि मग ठरलेली छोटी शिक्षा: उद्या अर्धा तास मोबाईल कमी. महिनाभर बंदी घालायची नाही, कारण ती तिसऱ्या दिवशी मोडते आणि मुलाला कळतं की आईचा शब्द तीन दिवसांचा.

इथे बहुतेक घरं हरतात ती पहिल्या आठवड्यात. नमतं घेणं बंद केलं की ओरडा आधी वाढतो. मूल जुनं हत्यार जोर लावून चालवून बघतं. आईला वाटतं उपाय उलटला. त्या आठवड्यात एकदा जरी सोडून दिलं तरी आधीपेक्षा वाईट होतं, कारण पाचातून एकदा लागणारी लॉटरी माणूस सोडत नाही. म्हणून सुरुवात परीक्षेच्या किंवा सणाच्या आठवड्यात करू नये, आणि आजी, काका, मोठी बहीण, सगळ्यांना आधी सांगून ठेवावं.

आणि यासोबत रोज दहा मिनिटं मुलाबरोबर, त्याला हवं ते, सूचना आणि चौकशी न करता. हे नसेल तर वरचं सगळं नुसता हुकूम होतो.

मधुमालती
हे छापून भिंतीवर लावण्यासारखं आहे.

परिविक्षा
@समुपदेशिका यांच्या दहा मिनिटांना पुरवणी. 'मुलावर लक्ष ठेवा' असं सगळे सांगतात. स्वीडनमधल्या किशोरांवर स्टॅटिन आणि केर यांनी २००० साली दाखवलं की आईबापांना मुलाबद्दल जे ठाऊक असतं ते मुख्यतः मुलाने आपणहून सांगितलेलं असतं, उलटतपासणीतून आलेलं कमीच. म्हणजे घर असं हवं की सांगितलं तर पहिलं उत्तर चापट नसेल. 'आज एकाने सिगारेट दिली' असं सांगणाऱ्या मुलाला मारलं तर पुढच्या वेळी ते गांजाचं सांगणार नाही.

मारहाणीचा विषय निघालाच आहे तर, अमेरिकेतल्या कॅथी विडम यांच्या अभ्यासात (१९८९) लहानपणी छळ किंवा हेळसांड झालेली ९०८ मुलं आणि तशीच पण छळ न झालेली ६६७ मुलं यांची तुलना होती. किशोरवयात अटक पहिल्या गटात २६ टक्के, दुसऱ्यात १७. हेळसांडसुद्धा मारहाणीसारखीच धोक्याची निघाली, हे विशेष.

नेरूळकर
थोडं अवांतर, पण नवी मुंबईत गरजेचं. सगळी चर्चा वस्ती, गरिबी, मारामारीवर चालली आहे. इथे टॉवरमधली, सरळ, अभ्यासू मुलंही एका गुन्ह्यात सापडतात: बँक खातं भाड्याने देणं. टेलिग्रामवर किंवा कॉलेजच्या कट्ट्यावर कोणीतरी भेटतो. 'खातं उघड, पासबुक, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड मला दे, रक्कम आली की टक्केवारी तुझी.' फसवणुकीचे पैसे पहिल्यांदा त्या खात्यात पडतात आणि काही मिनिटांत पुढच्या पाच-सहा खात्यांत फुटतात. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार झाली की माग काढताना पहिलं नाव लागतं ते या मुलाचं. खातं गोठतं, दुसऱ्या राज्यातले पोलीस दारात.

ही मुलं उतावीळ नसतात, बेडर नसतात, घरी मारहाण नसते. मग तुमचा स्वभावाचा सिद्धान्त इथे कुठे बसतो?

खाडीपूल
@नेरूळकर, इथे साइक्स आणि मॅट्झा या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांचं १९५७ चं निरीक्षण बसतं. गुन्हा करणारा बहुतेक वेळा समाजाचे नियम मान्यच करतो, फक्त आपल्यापुरती सूट काढतो. 'मी कुठे कोणाला फसवलं, मी फक्त खातं दिलं.' 'बँकेचे पैसे आहेत, कोणाचं नुकसान?' 'सगळेच देतात.' या सुटी मुलं घरीच शिकतात. रेल्वेचं हाफ तिकीट वाचवायला बारा पूर्ण झालेल्या मुलाला 'अकरा सांग' म्हटलं जातं, सिग्नल तोडून 'मामा नव्हता' म्हणून हसलं जातं. टॉवरमधल्या पालकांना सभेत बोलवलंत तर बोलायचं ते यावर.

पामबीच
वयाचा मुद्दा राहिला. किशोरवयात नियम मोडणाऱ्यांची संख्या एकदम फुगते आणि विशीत उतरते. टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दोन वाटा वेगळ्या केल्या: थोडी मुलं, जी चार-पाच वर्षांपासून चावणं, मारणं, खोटं यात असतात आणि पुढेही राहतात, आणि पुष्कळ मुलं, जी चौदाव्या-पंधराव्या वर्षी मोठं दिसण्याच्या हौसेने भरकटतात आणि सहसा परत येतात. लंडनच्या ४११ मुलांच्या अभ्यासातही सहा टक्क्यांहून कमी कुटुंबांच्या वाट्याला निम्म्या शिक्षा आल्या. म्हणून पहिला प्रश्न: हे कधीपासून? नववीत अचानक सुरू झालं असेल तर परतीची वाट बंद होऊ देऊ नका. शाळेतून नाव काढणं, व्यसन आणि डोक्याला मार लागणारी मारामारी, या तिन्हींनी ती वाट बंद होते. बालवाडीपासूनच असेल तर थांबू नका, तपासणी करा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, फोनवर मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेलिमानस १४४१६.

वकील_कोपरी
परतीच्या वाटेवरून: मंडळाने मुलाला दोषी धरलं तरी कलम २४ प्रमाणे त्यामुळे नोकरी वगैरेला अपात्रता येत नाही आणि नोंदी नष्ट करायच्या असतात. सोळा ते अठरामधल्या मुलावर अघोर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चालला तर गोष्ट वेगळी. 'आता याचं आयुष्य संपलं' असं वडील कोर्टाच्या आवारात मुलासमोर बोलतात, ते थांबवा. आणि मुलाचं नाव किंवा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकणं हा कलम ७४ खाली गुन्हा आहे.

वागळे_सर्कल (धागाकर्ता)
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरवलेलं असं: पहिली पाच मिनिटं तीन स्वभाव आणि डेन्मार्कचे आकडे (कान चावणाऱ्या चोराला सुट्टी). वीस मिनिटं मोबाईलचं चक्र, दोन आया उभ्या करून करून दाखवू. दहा मिनिटं दुपार आणि हजेरीपट. शेवटची पाच कलम ७७, १०९८ आणि १४४१६. सभा रविवारी सकाळी अकराला ठेवली आहे. चालेल?

परिविक्षा
अकराला नको. रविवारी सकाळी पाणी, कपडे, बाजार, आया उठून जातील. शनिवारी रात्री साडेआठला ठेवा, वडीलही मिळतील. रिक्षा स्टँडवर आदल्या दिवशी तोंडी सांगा, चिठ्ठी घरी पोचत नाही. आणि कोणी उठून 'माझा मुलगा चोरी करतो' म्हणालीच तर सर्वांसमोर पुढे बोलू देऊ नका. दुसऱ्या दिवशी वस्तीत त्या मुलाचं नावच तेच पडतं. सभा संपल्यावर अर्धा तास वेगळा ठेवा, एकेकटीशी बोलायला.

समुपदेशिका
त्या अर्ध्या तासाला मी येते. आणि 'आया उभ्या करू' ऐवजी एका वडिलांना आईच्या जागी उभं करा, कुकर घेऊन.

वागळे_सर्कल (धागाकर्ता)
शनिवार, साडेआठ. कुकर घरून आणतो. फळ्यावर एकच गोष्ट काढतो: दुपारी एक ते रात्री आठ असे सात चौकोन, आणि प्रत्येकीने आपल्या मुलाचे सात भरायचे.